पिल्लांखालचा ढीग

“उकिरडा उचलून आत आणायचा आणि त्यावर एका दिवसाची पिल्लं झोपवायची? सूनबाई, डोकं ठिकाणावर आहे ना?”

“आहे. तुमचंही आहे. म्हणून तर फावडं तुमच्या हातात देतेय.”

“मी नाही हात लावणार.”

“नका लावू. बाजूला तरी सरका, आप्पा. दारातच उभे राहिलात तर घमेलं काय तुमच्या डोक्यावरून नेऊ?”

हे भांडण चाललं होतं ते माझ्यावरून. उकिरडा म्हणजे मी. मी एक जुना ढीग आहे, मित्रांनो. नाक दाबू नका. आधी ऐका, मग दाबायचं तर दाबा. आणि आप्पा मला उकिरडा म्हणाले, याचा राग मला अजून आहे, तो काही मी लपवणार नाही. उकिरड्यावर टाकतात आणि विसरतात. मला टाकलं नव्हतं, मला रचलं होतं. फरक आहे.

रचणारी होती ती सून. कोंबड्यांच्या शेडमागे भिंतीला लागून एक मोकळी जागा होती, तिथं तिनं मला उभं केलं. खाली काटक्या, वर झाडाखालची वाळकी पानं, त्यावर भाजीवाल्यानं फेकलेली देठं, त्यावर आधीच्या कोंबड्यांखालचा ओला भुसा, परत पानं. येता-जाता पाणी शिंपडायची. पावशेर जास्त झालं तरी स्वतःशीच चुकचुकायची.

तेव्हा मी तरुण होतो आणि भयंकर तापट होतो. खरोखरचा तापट. थंडीच्या सकाळी माझ्या डोक्यातून वाफ निघायची. सुनेनं एक लोखंडी सळई माझ्या पोटात खुपसून ठेवली होती. मधूनच ती उपसायची आणि हात लावून बघायची. पहिल्यांदा तिनं उपसली आणि “आई गं” म्हणून फेकूनच दिली. मला काय आनंद झाला. वाटलं, आपल्या अंगाला हात लावायची कुणाची टाप नाही.

पण ती बाई माझ्यापेक्षा हट्टी. दाताळं घेऊन यायची आणि मला पुरता पालथा घालायची. खालचा मी वर, वरचा मी खाली. मी पुन्हा तापायचो, ती पुन्हा पालथा घालायची. असं करत करत एक दिवस सळई गार निघाली. मी थंड झालो होतो. रंग चहाच्या चोथ्यासारखा, वास ओल्या मातीचा. पान कुठलं आणि देठ कुठलं, माझं मलाच सांगता येईना. मग तिनं मला उन्हात पसरून वाळवलं आणि चाळणीतून काढलं. माझ्यातून निघालं काय, तर बाटलीची दोन झाकणं, एक चमचा आणि आप्पांच्या चष्म्याची काडी. त्या काडीवरून त्या घरात किती दिवस अबोला होता म्हणून सांगू. सुनेनं ती धुतली आणि गुपचूप टेबलावर ठेवली. आप्पांनीही गुपचूप उचलली.

आता आप्पांची ओळख करून देतो, कारण त्यांच्याशिवाय माझी गोष्ट पुढे सरकत नाही. आप्पा म्हणजे तिचे सासरे. सगळी नोकरी त्यांनी इस्पितळात काढली, वॉर्डातली. अंथरुणं घालणं, बदलणं, पेशंटला कुशीवर वळवणं, गरम पाण्याच्या पिशव्या भरणं. नोकरी सुटली पण सवय सुटली नाही. घरातल्या सगळ्या चादरींचे कोपरे पाकिटासारखे दुमडलेले. फिनेलची बाटली त्यांच्या हाताचं सहावं बोट झाली होती. मुलगा ट्रकवर, महिना महिना लांब. तो घरी आला की आप्पा आधी त्याला पाय धुवायला लावायचे, मग कसा आहेस विचारायचे.

शेड होती आप्पांच्या बायकोची. तिनंच उभी केली, तिनंच चालवली. ती गेल्यावर सुनेनं हातात घेतली. पण कोंबड्यांची मागची खेप वाईट गेली होती. पूर्वी सुताराकडून रंध्याचा भुसा यायचा, लाकडाचा, छान कोरडा. आता सुतार सगळं काम प्लायचं करतो. त्याची भुकटी डिंकाच्या वासाची. ती अंथरली, तर दोन दिवसांत ओली होऊन तिची खपली धरली. कोंबड्यांच्या तळपायांना फोड आले. लंगडायला लागल्या. आप्पांना ते बघवलं नाही. म्हणाले, “जन्मभर आजारी जीव बघितले. म्हातारपणी घरी बसून पुन्हा तेच बघायला मी मोकळा नाही. ही एक खेप घे. नीट निघाली तर शेड कोंबड्यांची. पुन्हा आजारी पडली तर शेड टायरवाल्याची.”

टायरवाला म्हणजे शेजारचा. त्याचे टायर रस्त्यापर्यंत आले होते, त्याला गोदाम हवं होतं. माणूस वाईट नव्हता, पण खिशात कायम मोजपट्टी. साखर मागायला आला तरी जाता जाता शेडची एखादी भिंत मोजून जायचा. आणि आप्पांना म्हणायचा, “टायर शिंकत नाहीत, आप्पा. टायरांना डॉक्टर लागत नाही.” आप्पा मान हलवायचे.

असं सगळं असताना सुनेनं जाहीर केलं, की या खेपेला भुसाच नको, ढीग अंथरायचा. मग घरात ठिणगी पडणार नाही तर काय होणार?

“मला एक सांगा, आप्पा,” सून म्हणाली. घमेलं तिनं खाली ठेवलं होतं, हात कमरेवर. “कोंबडीला मोकळं सोडलं, तर ती पहिली कुठं पळते? तुम्ही फिनेलनं पुसलेल्या ओट्यावर?”

आप्पांनी चष्मा पुसायला घेतला.

“ढिगावर पळते. तिथंच उकरते, तिथंच अंग घुसळते, तिथंच डुलकी काढते. तिला कळतं ते आपल्याला का कळू नये?”

“पेशंटला काय आवडतं ते विचारून वॉर्ड चालत नाही.”

“हा वॉर्ड नाही.”

“मग हे अंथरूणही नाही,” आप्पा म्हणाले, पण दारातून सरकले. सरकले म्हणजे हरले नाहीत हं. त्यांनी दाराबाहेर एक स्टूल टाकलं आणि त्यावर हाताची घडी घालून बसले. माझी फजिती बघायला.

सुनेनं मूठभर मी उचलला आणि दाबला. मूठ उघडली. क्षणभर माझा गोळा राहिला, मग बोट लावल्याबरोबर सुटा झालो. “बघितलंत? पाणी गळत नाही, धूळ उडत नाही,” ती म्हणाली. बघणारं कुणी नव्हतं. आप्पा मुद्दाम दुसरीकडे बघत होते. मग तिनं मला शेडभर वीतभर जाड अंथरलं. उरलेलं पोत्यांत भरून ओसरीत ठेवलं. वर पत्र्याच्या छत्र्या टांगल्या, त्यात बल्ब. खाली पत्र्याचं गोल कडं, पिल्लं पांगू नयेत म्हणून. आणि पिल्लं आली.

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ काही अंगावर घेतलंय, पण पिल्लू अंगावर चालतं ते वेगळंच. वजन नाहीच काही. नखं तेवढी लागतात. खोक्यातून सोडल्यावर आधी सगळी थबकली. मग एकानं पायानं मला उकरलं, मागे उडवलं आणि काय निघालं ते चोच मारून बघितलं. ते बघून दुसऱ्यानं. मग सगळ्यांनीच. कुणी शिकवलं नव्हतं. थोड्या वेळानं एक जण माझ्यात अंग घुसळून, पंख पसरून असं आडवं पडलं, की मेलंच म्हणून आप्पा स्टुलावरून उठले. ते झोपलं होतं.

“हं,” आप्पा म्हणाले आणि पुन्हा बसले.

त्यांच्या त्या ‘हं’चा मला किती अभिमान वाटला, सांगता येत नाही.

माझं काम काय होतं, तेही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसती बढाई मारतो. पिल्लं दिवसभर घाण करतात. भुसा ती घाण धरून ठेवतो, मग सडतो, मग डोळ्यांत झोंबणारा वास सुटतो. मी धरून ठेवत नाही, पचवतो. माझ्या कणाकणात न दिसणारे जीव आहेत, ते खादाड आहेत. पडलं की खाल्लं. त्यांना फक्त दोनच गोष्टी हव्यात, हवा आणि थोडीशीच ओल. म्हणून सून रोज मला दाताळ्यानं वरखाली करायची. आणि त्याआधी एक विचित्र गोष्ट करायची. सकाळी शेडमध्ये आली की सरळ पालथी पडायची आणि माझ्यावर गाल टेकायची.

पहिल्यांदा आप्पांनी बघितलं तेव्हा घाबरले. “चक्कर आली का गं?”

“नाही. वास घेतेय.”

“उभ्यानं येत नाही?”

“उभ्यानं तुम्हाला येईल. पिल्लाला कसा येतो ते कळायला पिल्लाच्या नाकाएवढं खाली यायला लागतं.”

आप्पांनी मान झटकली. पण दुसऱ्या दिवशी ती पाणी भरायला गेली तेव्हा त्यांनी इकडं तिकडं बघितलं, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि भर्रकन एकदा हुंगून घेतलं. मग पुन्हा स्टुलावर. तोंडावर असा भाव, जणू खाली काही पडलं होतं ते उचललं.

त्यानंतर त्यांना स्वस्थ बसवेना. दाराजवळच्या कोपऱ्यात मी जरा गोळा झालो होतो, एका बाजूला उंच, एका बाजूला खड्डा. तो कोपरा त्यांना दिवसभर टोचत राहिला. शेवटी उठले, दाताळं घेतलं आणि तो असा सपाट केला, कडा भिंतीला अशी दाबून घेतली, की बघत राहावं. सून मागे उभी होती.

“हात लावणार नव्हता ना?”

“अंथरुणाला सुरकुती मला बघवत नाही. बाकी मला काही देणंघेणं नाही.”

“अंथरूण म्हणालात.”

“तोंडून गेलं,” आप्पा म्हणाले.

तिनं हसू गिळलं. पण त्या दिवसापासून दाताळं आप्पांच्या हातात गेलं ते गेलंच. मला खरं सांगायचं तर सुनेपेक्षा त्यांचा हात हलका. सून उकरायची, आप्पा थोपटल्यासारखं करायचे. बदल इतकाच, की आता मला कोपरे होते.

आता माझ्या धाकट्याबद्दल. मी आत गेल्यावर माझ्या जागेवर सुनेनं दुसरा ढीग रचायला घेतला होता. तीच पानं, तीच देठं. तो तेव्हा ऐन भरात होता. माझ्यासारखाच तापट, माझ्यापेक्षा बडबड्या. सकाळी वाफा सोडत बसायचा. मी भिंतीच्या आतून त्याला म्हणायचो, शांत हो जरा, तुझीही वेळ येईल. पण त्या वयात कोण कुणाचं ऐकतं?

एका सकाळी सून लस आणायला गावात गेली. बर्फाचा डबा घेऊन, पहिल्या गाडीनं. त्या दिवशी थंडी म्हणजे थंडी होती. पत्रा वाजत होता. ती जाऊन थोडा वेळ झाला आणि बल्ब गेले. सगळेच. वीज गेली.

पिल्लांना थंडी वाजली की ती एकमेकांवर चढतात. खालचं गुदमरतं तरी वरचं उतरत नाही. बघता बघता कड्यात एका बाजूला पिल्लांचाच ढीग झाला, आणि त्यांचा आवाज असा, की मी ढीग असून मला ऐकवेना. आप्पा धावत आले. त्यांनी आधी स्वतःची शाल टाकली. मग घरातनं गरम पाण्याची पिशवी आणली, त्यांची स्वतःची, कंबरेची. एका पिशवीनं काय होणार? चार पिल्लं तिला बिलगली, बाकीची ओरडत राहिली. आप्पा बाहेर आले, चारी दिशांना बघितलं. आणि त्यांना वाफ दिसली.

धाकट्याच्या डोक्यातून निघणारी.

आप्पांनी सळई उपसली. हात लावला. भाजला. त्यांच्या तोंडावर मी जो आनंद बघितला तो पोराला पहिला दात आल्यावर आजोबांच्या तोंडावर असतो तसा होता. त्यांनी घमेलं घेतलं, धाकट्याच्या पोटातला गरमागरम, ओला, कच्चा माल भरला आणि माझ्यावर आणून पसरला. एक घमेलं, दुसरं, तिसरं, शेडभर होईस्तोवर. धापा टाकत, म्हातारा माणूस.

आणि काय सांगू, ते चाललं. पोटाला ऊब लागल्याबरोबर पिल्लं एकमेकांवरून उतरली, पसरली, गप्प झाली. आप्पा कपाळ पुसत भिंतीपाशी गेले आणि पलीकडे टायरवाल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “वीज गेली तरी आमचं अडत नाही.”

“कौतुक आहे,” टायरवाला पलीकडून म्हणाला. “दुपारी येतो. मागची भिंत मोजायची राहिलीय.”

थोड्या वेळानं वीज आली. बल्ब लागले. आप्पांनी समाधानानं चहा टाकला.

मित्रांनो, मला त्या वेळी तोंड असतं तर मी ओरडलो असतो. धाकटा कच्चा होता. त्यात देठं अजून देठं होती, घाण अजून घाण होती. वरून बल्बांची उष्णता, खालून त्याची स्वतःची. तो सुटलाच. घाम फुटावा तसं पाणी सोडायला लागला. त्याच्यातून असा झोंबरा वास निघाला, की माझ्यातले खादाड जीव गुदमरले. मी खाली दबलेला. वर हवा नाही. त्याला म्हणालो, “अरे, थांब.” तो म्हणाला, “मी काय करू, मला थांबता येत नाही.” त्याचंही खरं होतं. मला तरी त्या वयात कुठं थांबता येत होतं?

पिल्लं मधून उठून कडेला गेली. पत्र्याला चिकटून उभी राहिली, चोची उघड्या, डोळे मिटलेले. आप्पा एकदा येऊन दारातूनच बघून गेले. उभ्यानं. उभ्यानं त्यांना सगळं शांत दिसलं. उबेत झोपली बिचारी, असं म्हणाले.

सून आली ती बर्फाचा डबा हातात घेऊनच. दारातच तिचं नाक हललं. डबा ठेवला, आत आली, पालथी पडली, गाल टेकला आणि लगेच उठली. डोळ्यांतून पाणी.

“आप्पा. हे कुठलं आणलंत?”

“मागचं. नव्या ढिगातलं. वीज गेली होती गं. गारठली असती सगळी.” आप्पांच्या आवाजात अजून सकाळची ऐट होती. “गरम होतं म्हणून टाकलं. पिशवीसारखं.”

तिचा पारा चढलेला मला दिसला. मुठी आवळल्या. मग तिनं पिल्लांकडं बघितलं, मग आप्पांच्या भाजलेल्या बोटांकडं.

“सकाळी बरोबर केलंत,” ती म्हणाली. “नाहीतर मला नुसती चिरडलेली पिल्लं मिळाली असती. आता खाली या आणि बघा.”

आप्पा खाली बसले. गुडघे वाजले. एक हात टेकला, मग दुसरा, मग गाल. पहिल्यांदा, सगळ्यांदेखत. थोडा वेळ तसेच राहिले. डोकं वर केलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतूनही धार लागली होती, आणि ती सगळी वासाची नव्हती.

“पिशवी काढायची राहिली,” ते म्हणाले. “वॉर्डात नवीन पोरांना किती ओरडायचो मी यावरून. ठेवणाऱ्यानंच काढायची. आणि मीच...”

“ते नंतर. आता काय करायचं ते बोला. बाहेर काढू का सगळ्यांना?”

“या वाऱ्यात? नाही.”

“मग आत कुठं ठेवू? शेडभर तेच आहे.”

तेवढ्यात दारात टायरवाला. हातात मोजपट्टी, पायात नवे बूट. त्यानं आत बघितलं, नाकाला रुमाल लावला. “अरेरे. वहिनी, वाईट वाटतं हो. मी नंतर येऊ का?”

आप्पा उठून उभे राहिले. आणि काय झालं कोण जाणे, त्यांची पाठ सरळ झाली. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. बहुतेक वॉर्डात असे दिसत असतील.

“नंतर नाही. आत्ताच ये. पट्टी खिशात टाक आणि ती भिंतीला टेकवलेली फळी आण.”

“मी?”

“तूच. दुसरं कोण आहे?”

मग ते सुनेकडं वळले. “ज्या पेशंटला उठवता येत नाही त्याची चादर कशी बदलतात माहितेय? पेशंट पलंगावरच. त्याला एका कुशीवर घ्यायचं. रिकामी अर्धी बाजू काढायची, तिथं नवी घालायची. मग पेशंटला नव्यावर घ्यायचं आणि राहिलेली अर्धी काढायची. पेशंटला कळतसुद्धा नाही. चल.”

टायरवाल्यानं फळी शेडच्या मधोमध आडवी धरली. आप्पांनी पत्र्याचं कडं काढून सगळी पिल्लं हलक्या हातांनी फळीच्या एका बाजूला घेतली. सुनेनं खिडक्यांची गोणपाटं वरच्या वर दुमडली, वास जाईल पण वारा पिल्लांवर येणार नाही एवढीच. मग रिकाम्या अर्ध्या भागातून धाकट्याला खरवडून काढलं. खाली मी होतो, वरून ओला झालेला, पण तळाला कोरडा. मला हवा लागली तेव्हा कसं वाटलं, ते पाण्यातून डोकं वर काढलेल्याला विचारा. ओसरीतली पोती आली. त्यातला कोरडा मी माझ्याच अंगावर पडलो. आप्पांनी थोपटलं. कडा दाबल्या. एवढ्या घाईतही कोपरा केला.

“आता पेशंट इकडं,” ते म्हणाले.

मग दुसरी कूस.

टायरवाला सगळा वेळ फळी धरून. पहिल्यांदा रुमाल नाकाला होता, मग दोन्ही हात लागले म्हणून रुमाल खिशात गेला. दुसरी बाजू होत आली तेव्हा त्यानं एकदम खालच्या आवाजात हाक मारली. “आप्पा. हे झोपलं.”

“कोण?”

“हे. माझ्या बुटावर.”

सगळ्यांनी बघितलं. दोन पिल्लं त्याच्या नव्या बुटांवर चढून, मान आत घेऊन बसली होती. एक खरंच झोपलं होतं.

“मग हलू नकोस,” आप्पा म्हणाले. “पेशंट झोपलाय.”

काम संपलं, फळी खाली ठेवली, तरी तो माणूस तसाच उभा. चहासुद्धा त्यानं तिथंच उभ्यानं घेतला.

एक पिल्लू उठलं नाही. खोटं कशाला सांगू? आप्पांनी ते तळहातावर घेऊन बराच वेळ बघितलं, मग मागे जाऊन पेरूच्या झाडाखाली पुरलं. आले तेव्हा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतले. बाकीची सगळी संध्याकाळपर्यंत पसरली. दाणे टिपायला लागली. एकानं मला पायानं उकरून मागे उडवलं, आणि मी म्हटलं, चला, आपण पुन्हा कामावर.

टायरवाल्याचा पाय मोकळा झाला तेव्हा त्यानं घसा खाकरला. “मग आप्पा, शेडचं काय? म्हणजे खेप आजारी पडली तर असं तुम्हीच म्हणाला होता.”

सून खाली मान घालून पाण्याची भांडी पुसत होती. पुसलेलंच पुन्हा पुसत होती. शेड जाणार की राहणार, ते त्या क्षणी आप्पांच्या तोंडात होतं, आणि शब्द दिला की फिरवायचा नाही ही त्यांची ख्याती.

“पडली,” आप्पा म्हणाले. “माझ्या हातानं पडली. अंथरुणानं नाही. अंथरुणानं तर सावरली.” मग त्यांनी त्याच्या बुटांकडं बघितलं. “तू म्हणतोस टायर शिंकत नाहीत. बरोबर आहे. पण टायर असे बुटावर येऊन झोपतातही का रे?”

टायरवाला बूट न झटकताच गेला. आणि ऐका, पुढे महिनाभर तो रोज यायचा. मोजपट्टीशिवाय. म्हणायचा, फळी धरायची असेल तर सांगा.

ती पिल्लं वाढली. पिसं आली, आवाज फुटले, आपसात मारामाऱ्या झाल्या. एकीच्याही तळपायाला फोड आला नाही. आप्पा एकेकीला उचलून पाय उलटे करून बघायचे, वॉर्डातल्यासारखं “छान, छान” म्हणायचे. आणि एके दिवशी दाराजवळचा तो कोपरा दाबताना त्यांच्या दाताळ्याला काहीतरी गोल लागलं. एका पोरीनं तिथं खड्डा करून पहिलं अंडं घातलं होतं. लहानसं, कवचावर माझे दोन कण चिकटलेले. सुनेनं पुसायला घेतलं तर आप्पा म्हणाले, “राहू दे. असू दे त्याच्या अंगावर.”

त्याच्या म्हणजे माझ्या. आधी उकिरडा होतो.

आता त्या सगळ्या अंडी घालायच्या बाजूला गेल्या. माझं आतलं काम झालं. गेलो तेव्हा होतो त्याहून आता मी जड आहे, काळा आहे, श्रीमंत आहे, कारण इतक्या जणींनी दिलेलं सगळं मी पचवलंय. भाजीवाल्यानं मला मागून घेतलंय. त्याच्याकडं भोपळ्याचे वेल आहेत, ते रुसलेत म्हणे. बघतो काय ते.

आणि माझ्या जागी, नव्या पिल्लांखाली, धाकटा येणार. तो आता गार झालाय, चोथ्यासारखा दिसतो, बोलणंही कमी झालंय. पण आज सकाळपासून पुन्हा भांडण. सून म्हणतेय झाला तयार, अंथरू या. आप्पा मूठ दाबून तिच्या नाकापुढं धरतायत. “हा बघ, अजून गोळा सुटत नाही. दोन उन्हं दे त्याला. कच्चं अंथरूण मी घालू देणार नाही माझ्या पोरींना.”

“तुमच्या पोरी कधीपासून?”

“तू फावडं ठेव खाली.”

मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगतो. माझ्यात बाटलीची झाकणं टाकू नका. मला पालथा घालायचा कंटाळा करू नका, आणि ओला ठेवून विसरू नका. मी तापलेला असेन तर तापू द्या, वेळ द्या, पण तोवर कुणाच्या अंगाखाली घालू नका. आणि मी बरा आहे की नाही हे उभ्यानं ठरवू नका. खाली या, गाल टेका, मग...

हे बघा, भाजीवाल्याची गाडी आली. फावडं लागलं अंगाला. मला निघायला हवं.